मैनेची पिशवी



माघात महिनाभर मी स्वाध्यायाला आले नाही, तेव्हा बऱ्याच जणींनी चौकशी केली. 'कुत्रीचं ऑपरेशन होतं' एवढंच मी सांगत राहिले. काहींना हसू आलं. दोघींनी मात्र दर्शन झाल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, की तुम्ही मनाला पटवलंत कसं? एवढ्या म्हाताऱ्या जिवाला कापायला कसं दिलंत? एकीच्या घरी तशीच वेळ आली होती आणि तिनं ऑपरेशन केलं नव्हतं. तिला काय उत्तर द्यावं ते मला उभ्या उभ्या सुचलं नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

मैना आमच्याकडे आली त्याला बारा वर्षं झाली. आमच्या वडगाव रासाईला भीमेच्या काठानं सगळा ऊस. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, पालं पडतात, पालांबरोबर कुत्री येतात. हंगाम संपला की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघून जातात आणि एखादं पिल्लू मागं राहतं. तसंच हे राहिलं होतं. दुकानाच्या पायरीवर बसून दिवसभर किरकिर करायचं. आमचे हे म्हणाले, "काय मैनेसारखी बडबड लावलीय!" तेच नाव पडलं.

सासूबाई तेव्हा होत्या. त्यांचं सरळ म्हणणं, श्रावकाच्या घरात कुत्रं-मांजर पाळायचं नाही. हिंसक प्राणी पाळला की त्याच्या हिंसेचा वाटा आपल्या नावावर पडतो. दारात आलेल्याला भाकरी घाला, पाणी ठेवा, पण घरात घेऊ नका. त्यांचं ऐकून मैना कधी उंबऱ्याच्या आत आली नाही. पण उंबरा सोडूनही गेली नाही. दूधभाकरी, आमटीभात, सणाला पुरणपोळीचा तुकडा, यावर वाढली. नदीवर जाऊन मासे खाऊन यायची, तो वास मला यायचा आणि मी न आल्यासारखं करायचे. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात ती त्यांच्या खिडकीखालून हलली नाही. त्या गेल्या त्या आठवड्यात एकदाच म्हणाल्या, "तिला वाढलं का?" एवढंच.

आमच्या शिरूर तालुक्यात बिबट्याचं भय तुम्हाला माहीतच आहे. चार वर्षांपूर्वी एका रात्री मैना असं काही भुंकली की गोठ्यापाशी हे बॅटरी घेऊन धावले. उसाच्या कडेला दोन डोळे चमकले आणि गेले. गोठ्यात वासरू होतं. त्या रात्रीपासून ती पडवीत झोपते, दाराला कडी लावून.

आता जे लिहायचं ते जरा जड आहे.

मैना सहा-सात महिन्यांची असताना गुरांच्या डॉक्टरांनी सुचवलं होतं, की हिची पिशवी काढून टाका. पुढचे सगळे त्रास वाचतील. पहिल्यांदा माजावर यायच्या आधी केलं तर सगळ्यात चांगलं. मी तेव्हा तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय नव्यानं वाचत होते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण सगळ्याच पाठ म्हणतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. छेद म्हणजे अवयव कापणं. निरोगी, तरुण जिवाचा एक अवयव आपल्या सोयीसाठी कापून टाकायचा हा सरळ छेदच नाही का? मी डॉक्टरांना म्हटलं, आम्ही जैन आहोत, आमच्यात चालत नाही. त्यांनी हात जोडले आणि विषय संपवला. मला, खरं सांगते, त्या दिवशी फार समाधान वाटलं होतं. व्रताला जपलं असं वाटलं.

मग काय झालं? दर सहा-आठ महिन्यांनी ती माजावर यायची. गावातली सगळी कुत्री दारात. मी तिला तीन-तीन आठवडे पडवीत साखळीनं बांधून ठेवायचे. ती रात्रभर रडायची. छेद टाळायला मी बंध करत होते. पाच अतिचारांतला पहिलाच. हे माझ्या लक्षात यायला अकरा वर्षं लागली.

आणि बांधूनही दोन वेळा चुकलं. पहिल्या वेताला पाच पिल्लं, दुसऱ्याला चार. नऊंपैकी तीन मोठी झाली. दोन ट्रॅक्टरखाली गेली, एक बिबट्यानं नेलं, तीन कसल्याशा जुलाबानं एका आठवड्यात गेली. मी बी.कॉम. झालेली बाई, दुकानाची वही चाळीस वर्षं मी लिहितेय. पण हा खर्च मी कधी कुठल्या खात्यावर टाकलाच नाही. 'त्यांचं आयुष्य तेवढंच' म्हणून मोकळी झाले.

यंदा पौषात मैना माजावर येऊन गेली. माघात तिचं पाणी वाढलं. पहिल्यांदा मला बरंच वाटलं. उन्हं चढायला लागलीत, पितेय तर पिऊ दे. मग दिवसाला बादली रिकामी व्हायला लागली. खाणं सुटलं. एका सकाळी तिच्या पोत्यावर पिवळट लाल डाग दिसला आणि असा वास, की मी नाकाला पदर लावला. आपल्या वयाच्या बायकांना तो वास काय सांगतो ते कळतंच.

मुलगा पुण्यात असतो. तो म्हणाला, "आई, आजच्या आज घेऊन ये." नदी ओलांडून दौंड तालुक्यात, मग चौफुल्यावरून सोलापूर रस्त्यानं हडपसर. गाडीत ती माझ्या पायावर डोकं ठेवून पडली होती. बारा वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्या इतक्या जवळ होती.

तिथली डॉक्टर माझ्या सुनेच्या वयाची. सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि मला खुर्ची दिली. म्हणाली, "काकू, पिशवीत पू झालाय." माजानंतर काही आठवड्यांनी वयस्कर कुत्र्यांमध्ये होतो हा आजार. दर माजाला पिशवीचं अस्तर जाड होत जातं, त्यात जंतू शिरतात, पू साठतो, त्याचं विष रक्तात जातं आणि मूत्रपिंडावर बसतं. म्हणून ते एवढं पाणी. पिशवीचं तोंड बंद असतं तर आत फुटायची भीती आणि हातात तासच उरतात. हिचं उघडं आहे, पू बाहेर येतोय, म्हणून एक-दोन दिवस आहेत.

मी विचारलं, "पिशवी आधीच काढली असती तर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तर हे झालं नसतं," म्हणाली. दोष द्यायचा म्हणून नव्हे, मी विचारलं म्हणून सांगितलं.

पुढे तिनं तीन वाटा सांगितल्या. एक, ऑपरेशन, सगळी पिशवी आणि अंडाशय काढायचे. तरुण कुत्रीत बहुतेक वेळा हे सुखरूप होतं. पण हिचं वय बारा, हृदयात मर्मर ऐकू येतेय आणि क्रिएटिनिन ३.१, म्हणजे असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त. भुलीतून न उठण्याची शक्यता खरी आहे. उठली तरी मूत्रपिंडं सुधारतील की नाही, हे विष निघाल्यावरच कळेल. दोन, नुसती औषधं. कधी पू ओसरतो, पण पुढच्या माजाला पुन्हा होतो, आणि एवढं वय असताना पुढचा माज म्हणजे पुन्हा हीच खुर्ची. तीन... तिसरी वाट तिनं फार हळू सांगितली. इंजेक्शन देऊन झोपवायचं. कायमचं.

"उद्या दुपारपर्यंत सांगा. तोवर सलाईन आणि अँटिबायोटिक चालू ठेवते. ऑपरेशन करा वा न करा, ते लागणारच आहे."

त्या रात्री मुलाच्या घरी कोणी नीट जेवलं नाही. मी तर सूर्यास्ताआधी चार घास खाऊन उठले होते.

प्रत्येकाचं मत वेगळं. मुलगा म्हणाला ऑपरेशन करू, पैशाचं बघू नका. हे म्हणाले, "अगं, माणसाचं बारा म्हणजे हिचं सत्तर-ऐंशी. आपल्या ऐंशीच्या आईला आपण टेबलावर घातलं असतं का?" हा प्रश्न मला लागला, कारण सासूबाईंना आम्ही घातलं नव्हतं. पण ते त्यांनी स्वतः सांगितलं होतं. सूनबाईनं धीर करून तिसऱ्या वाटेचं नाव काढलं. "आई, तिला किती त्रास होतोय. आपण तिला सोडवू शकतो ना?" ती दगड मनाची नाही, मैनेवर तिचा जीव आहे. तिला माणसांच्या दवाखान्यात हाल पाहायची सवय आहे आणि त्यातून ती बोलत होती.

तिला मी जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण हा प्रश्न आपल्यातल्या तरुण मुली फार विचारतात. सुमारे हजार वर्षांपूर्वी आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात या प्रश्नाला नेमकं उत्तर देऊन ठेवलंय. दुःखी जिवाला मारलं तर तो लवकर दुःखातून सुटेल, ही समजूत हातात तलवारीसारखी धरून दुःखी प्राण्यालाही मारू नये, असा त्याचा भाव. मला त्यातली तलवारीची उपमा फार खरी वाटते. आपण दया म्हणतो, तिला धार असते. शिवाय तिचं दुःख सोसवत नाही ते कोणाला, तिला की मला? हे त्या रात्री मी स्वतःला विचारलं आणि उत्तर फारसं चांगलं आलं नाही.

बारामतीच्या नणंदबाईंचा फोन आला. त्या व्रतानियमाच्या, माझ्याहून कितीतरी पुढे. त्या म्हणाल्या, "वहिनी, तिनं अन्न सोडलंय ना? मग हात लावू नका. तिर्यंच गतीतसुद्धा जीव व्रत घेतो. महावीरांच्या जिवानं सिंहाच्या भवात नाही का घेतलं? तिची सल्लेखना चाललीय समजा. णमोकार ऐकवा." क्षणभर मला फार बरं वाटलं. काही करायला नको, काही ठरवायला नको, आणि वर धर्मही.

पण मन मानेना. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखनेला आत्महत्या ठरवलं, तेव्हा आपण सगळ्या रस्त्यावर उतरलो होतो. त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा आपण घसा कोरडा करून काय सांगत होतो? की ती ज्याची त्यानं, जाणून, शांतपणे घ्यायची असते. दुसऱ्यानं कोणावर लादायची नसते. मग ती मैनेवर मी कशी लादू? सिंहानं मुनींचा उपदेश ऐकला होता. मैनेला ताप होता. भूक नसणं म्हणजे व्रत नव्हे. आणि हसू नका, पण दिवसाला बादलीभर पाणी पिणारी सल्लेखना मी तरी ऐकली नाही.

वन्संना मी एवढंच म्हटलं, "बघते."

रात्री दोनला उठून मुलाच्या टेबलावरचा कागद घेतला आणि सवयीनं मधे रेघ मारली. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. ऑपरेशनचा सगळा मिळून खर्च अठ्ठावीस हजार सांगितला होता. तो आकडा लिहिला आणि थांबले. अठ्ठावीस हजारांत एखाद्या पांजरपोळीत किती गाईंचा चारा होतो, हा विचार आला. तुम्हालाही आला असेल. आपल्याकडे दान म्हणजे असा गुणाकार करायची सवय आहे. पण तो गुणाकार मी माझ्या दाताच्या रूट कॅनॉलच्या वेळी केला नव्हता. सोफा बदलला तेव्हाही नाही. मग तो हिच्याच वेळी का काढायचा?

पांजरपोळीवरून आठवलं. मुंबईची पांजरपोळ कुत्र्यांवरूनच निघाली. १८३२ साली इंग्रजांच्या पोलिसांनी मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली, त्यावरून मुंबईत दंगा झाला. सुरुवात पारशांनी केली, हिंदू आणि जैनही उतरले. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि आपले मोतीशा शेठ यांच्या पुढाकारानं पांजरपोळ उभी राहिली. पालीताण्याला मोतीशांची टुंक आहे, तेच हे. म्हणजे कुत्र्यासाठी पैसा काढायला आपल्या लोकांना दोनशे वर्षांपूर्वी लाज वाटली नाही.

आणि अलीकडचं उदाहरण रतन टाटांचं. त्यांच्या एका कुत्र्याचा सांधा बदलायला त्यांनी त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं. हे त्यांनी स्वतः वर्तमानपत्राला सांगितलं होतं. पण पोचायला उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही, डॉक्टरांनी तो एका जागी पक्का करून दिला. त्यातून आपल्याकडे असं हॉस्पिटल असावं हे त्यांच्या मनात बसलं. मुंबईत महालक्ष्मीला पाच मजली, १६५ कोटींचं प्राण्यांचं हॉस्पिटल १ जुलै २०२४ ला सुरू झालं. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला ते गेले. सूनबाईनं हे सगळं मोबाईलवर वाचून दाखवलं आणि म्हणाली, "बघा, एवढ्या मोठ्या माणसाला सुद्धा उशीर झाला." मला त्यातला 'उशीर' हाच शब्द ऐकू आला. त्यांचा उशीर सोय नसल्यानं झाला होता. माझ्याकडे सोय दारात चालत आली होती, अकरा वर्षांपूर्वी, आणि मी तिला हात जोडून परत पाठवलं होतं.

पहाटे सामायिकाला बसले तरी मन तिथेच. छेद. अजूनही तो छेदच नाही का? मग एक गोष्ट आठवली, जी इतके तास कशी आठवली नव्हती याचंच नवल. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी स्वतःची पिशवी काढली होती. गाठी होत्या, रक्त थांबत नव्हतं, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. तेव्हा नणंदबाई मदतीला येऊन राहिल्या होत्या, सासूबाईंनी माझ्या नावानं शांतिधारा करवली होती. कोणी म्हणालं नाही की हा छेद आहे. ज्या डॉक्टरनं माझं पोट कापलं तिला आम्ही घरच्या तुपाचा डबा नेऊन दिला होता.

आपल्याकडे कोळ्याचा आणि शेतकऱ्याचा दाखला देतात. कोळी दिवसभर पाण्यात जाळं टाकून बसला आणि एकही मासा मिळाला नाही, तरी तो हिंसक. शेतकरी नांगर धरतो, त्याखाली कितीतरी जीव जातात, पण मारणं त्याच्या मनात नसतं. भाव वेगळा म्हणून बंध वेगळा. मी ज्या गावात राहते तिथे हे दोघेही रोज दुकानात येतात, एक दोरी न्यायला आणि एक खताची पिशवी बांधायला सुतळी न्यायला. दाखला मला तोंडपाठ होता. पण तो मी मैनेच्या बाबतीत लावला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी माझा भाव काय होता? तिला जपायचा, की माझं व्रत निर्मळ ठेवायचा? हात माझे स्वच्छ राहिले. नऊ पिल्लं, साखळी आणि आता हा पू, हे सगळं तिच्या वाट्याला गेलं.

हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. निरोगी जिवाचा अवयव काढणं आणि आजारी जिवाचा काढणं यात फरक आहेच, आणि तो फरक नाही असं कोणी म्हटलं तर मी आजही वाद घालेन. पण पहाटे त्या पाटावर बसून मला एवढं नक्की कळलं, की आज मी 'नाही' म्हटलं तर ते मैनेसाठी नसेल. अकरा वर्षांपूर्वीच्या माझ्या 'नाही'ला खरं ठरवण्यासाठी असेल.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. रात्रीच्या सलाईननं क्रिएटिनिन २.६ वर आलं होतं. ती म्हणाली, "थोडं आशादायक आहे, पण मी शब्द देत नाही." मी म्हटलं, "शब्द नको. करा." मग आणखी एक विचारलं, जे विचारताना आवाज फुटला. "टेबलावरच गेली तर तिला कळेल का?" म्हणाली, "नाही काकू. भुलीत असेल." मग मी म्हटलं, की त्याआधी मला पाच मिनिटं तिच्याजवळ बसू द्या.

तुम्हाला जीवंधरकुमाराची कथा माहीत आहे. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी मारून टाकत आणलेलं कुत्रं, त्याच्या कानात जीवंधरानं णमोकार सांगितला आणि ते मरून यक्ष झालं. पाठशाळेत ही गोष्ट मी किती मुलांना सांगितली असेल! धर्मानं कुत्रासुद्धा देव होतो, हे समंतभद्र आचार्यांनीही रत्नकरंडात लिहिलंय. पण सांगणं वेगळं. दवाखान्याच्या फरशीवर बसून, सलाईनची नळी सांभाळत, एका तापलेल्या कानाजवळ तोंड नेऊन णमोकार म्हणायचा तेव्हा तिच्या केसांना पुवाचा वास येत होता आणि मी पदर नाकाला लावला नाही. नऊ वेळा म्हटला. तिनं शेपटी एकदा हलवली. मंत्रामुळे नव्हे, माझा आवाज ओळखून.

दीड तास लागला. मध्ये एकदा हृदयाचे ठोके खाली गेले होते, हे नंतर सांगितलं. डॉक्टरनं ट्रेमध्ये पिशवी आणून दाखवली. "बघायची नसेल तर राहू द्या." मी पाहिली. सतरा किलोच्या कुत्रीत सव्वा किलोची पिशवी, ताणून चकाकणारी, सुजलेल्या आतड्यांसारखी. हे म्हणाले, "एवढं घेऊन ती बिचारी रोज दारात येऊन बसत होती." आणि बाहेर निघून गेले. ते रडतात तेव्हा बाहेर जातात.

ती उठली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाताचं पाणी चाटलं. दहा दिवसांनी टाके काढले.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. मूत्रपिंडं पूर्ण सुधारली नाहीत. क्रिएटिनिन २ च्या आसपास थांबलंय. डॉक्टर अंड्याचा पांढरा बलक द्या म्हणाली, मी नाही म्हटलं. मूत्रपिंडाच्या कुत्र्यांचं तयार खाणं मिळतं, त्याच्या पिशवीवरचं वाचलं तर त्यात कोंबडी. तेही आणलं नाही. भात, दुधी, थोडं तूप आणि मोजून दही, यावर ती आहे. पुन्हा माझं व्रत आणि तिचं शरीर. हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही, आणि कोणी अभ्यासू बहिणीनं समजावून सांगितलं तर मी ऐकेन. मासे खायला ती आता नदीपर्यंत चालू शकत नाही, नाहीतर प्रश्न तिनंच सोडवला असता.

एक दिवसाआड तिला कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. पहिला महिना गावातला कंपाउंडर यायचा. मग त्याची ऊसलागण सुरू झाली आणि मी शिकले. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, तंबू होतो, त्यात सुई. चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मी जिवंत प्राण्याच्या अंगात काही टोचलं. पहिल्या दिवशी हात इतका थरथरला की हे म्हणाले, राहू दे. दीडशे मिली जायला णमोकाराची एक माळ आणि वर थोडं लागतं. ती खांद्यावर पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी तशीच उठून पायरीवर जाऊन बसते, तासाभरात ते अंगात जिरतं.

मैनेच्या त्या तीन वाचलेल्या पिल्लांपैकी एक कुत्री शेजारच्या वस्तीवर होती. तिला चैत्रात पिल्लं झाली आणि त्यातली एक पिल्ली आमच्या पायरीवर येऊन बसायला लागलीय. मैना तिच्यावर गुरगुरते आणि मग तिला आपल्या पोत्यावर झोपू देते. पिल्ली आता साडेचार महिन्यांची आहे.

गेल्या आठवड्यात मी हडपसरला फोन केला. डॉक्टर म्हणाली, सहा महिन्यांच्या आत आणा, भाद्रपदातली तारीख देते. मी म्हटलं, भाद्रपदात दशलक्षण आहे, त्या दहा दिवसांत मला हे नको. अनंत चतुर्दशी झाल्यावर आणते. तिनं वहीत लिहून घेतलं. चातुर्मासाला माताजी बारामतीला आहेत, जाण्याआधी त्यांना भेटून सगळं सांगणार आहे आणि जे प्रायश्चित्त देतील ते घेणार आहे. नणंदबाई म्हणतात, आधीच प्रायश्चित्त ठरवून करताय तर करताच कशाला? मी त्यांना म्हटलं, तुम्हीही चला माझ्याबरोबर, गाडीत पिल्लीला धरायला कोणीतरी लागेल.